तांबी बसविताना
(वार्षिक महिला मेळाव्यातील भाषण)



१९६५ साली सरकारी योजनेतून आपल्या देशात लूप आला. होणाऱ्या त्रासाची पूर्वकल्पना अनेकींना दिली गेली नाही. साहजिकच भीती पसरली. ती अजून पुरती सरलेली नाही. म्हणून तांबीविषयी स्पष्ट बोलते.

गर्भ किंवा जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून डॉक्टर बारीक नळीने तांबी गर्भाशयात ठेवतात. काम काही मिनिटांचेच. त्या वेळी पाळीसारखी कळ येते, क्वचित घेरीही येते; थोडा वेळ पडून राहावे. पहिले ३ ते ६ महिने पाळीत स्राव व दुखणे वाढते, पुढे बहुधा ओसरते. तांबी कधी निसटते. म्हणून पहिल्या पाळीनंतर तपासणीस अवश्य जावे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, असह्य वेदना किंवा चुकलेली पाळी, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब नको.

‘कॉपर टी ३८० ए’ ही तांबी १० वर्षे उपयोगी पडते. ती काळजापर्यंत चढते हा निव्वळ भ्रम होय. काढल्यावर मातृत्वाची वाट पुन्हा मोकळी होते.

सासूबाईंनी सोबत जावे, यजमानांनीही जावे. संमती मात्र तिचीच असावी.