उद्या सुई आहे, हे आज सांगायचं

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'आयटीमधली माझी वाटचाल' असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आयटीवर बोलू शकणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत. गेल्या दोन वर्षांत मी जे शिकले ते मात्र इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. इथल्या कुणालाही त्याची गरज पडू नये. पण पडलीच, तर चार गोष्टी आधी कानावर पडलेल्या बऱ्या.

माझी धाकटी चार वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. आधी काही महिने जोरदार केमोथेरपी, मग दीर्घकाळ रोजच्या गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी रुग्णालयाची फेरी. वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर यातून बहुतेक मुलं बरी होतात. प्रगत देशांत दहातली आठ-नऊ. आमच्या गोळ्या अजून पाच महिने आहेत. या आठवड्यात तिच्या पांढऱ्या पेशी कमी आल्यात, म्हणून ती इथे आलेली नाही. बाबांबरोबर घरी आहे.

आजार कळल्यावर घरात पहिला वाद झाला तो तिला काय सांगायचं यावरून. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला काय कळतंय? बागेत जातोय म्हणून सांगा आणि न्या." त्यात त्यांची मायाच होती. पण रुग्णालयाच्या फेऱ्या पाच-दहा नव्हत्या, अडीच वर्षांच्या होत्या. बागेचं नाव सांगून एकदा सुईकडे नेलं, की पुढे खरंच बागेत नेतानाही ती रडणार. आणि 'आई सांगते ते खरं असतं' हा एवढाच आधार त्या वयाच्या मुलाकडे असतो. तो आम्हाला मोडायचा नव्हता.

म्हणून तिला आजाराचं नाव सांगितलं. रक्तात काही पेशी बिघडल्यात, त्यांना घालवायला औषध द्यावं लागतं. तीन वाक्यं मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगितली: तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही, हे कुणाला लागत नाही, आणि रुग्णालयात आई किंवा बाबा तुझ्याजवळ असणारच. पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. या वयाच्या मुलांना दुखणं ही शिक्षा वाटते. नऊ वर्षांच्या थोरल्यानेही एका रात्री हळूच विचारलं, "मी तिला ढकललं होतं, त्यामुळे झालं का?" घरात आजारी मूल एक असतं, पण समजावून सांगावं लागतं सगळ्यांना.

दुसरी गोष्ट, कधी सांगायचं. लहान मुलाला आठ दिवस आधी सांगितलं तर ते आठ दिवस धास्तीत काढतं. दारात चपला घालताना सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. आम्ही आदल्या संध्याकाळी सांगायचो, तेही क्रमाने: गाडी, मग वजन, मग बोटातून रक्त, मग डॉक्टर, मग औषध, मग घर. मी ऑफिसच्या सवयीने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. तिच्या उपयोगाला आलं ते स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. सुईच्या दिवशी लाल टिकली, नुसत्या तपासणीच्या दिवशी निळी, आणि दिवस संपला की त्यावर तिने स्वतः फुली मारायची.

"दुखणार नाही" असं कधीही म्हणायचं नाही. "दुखेल, पण दहा मोजेपर्यंत" असं म्हणायचं आणि खरंच दहा मोजायचे. कातडी बधिर करणारं मलम मिळतं. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं. डॉक्टरांना विचारून घरूनच लावून निघता येतं. मुलाला टेबलावर आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर घट्ट कुशीत घेऊन बसलं तर ते कमी घाबरतं. आधी सिस्टरना विचारावं. बहुतेक जणी आनंदाने जमवून घेतात. साबणाचे फुगे हे तर मोठं औषध. फुंकर मारताना श्वास आपोआप लांबतो आणि लक्ष फुग्याकडे जातं.

तिच्या हातात असेल तेवढं तिला ठरवू द्यायचं. कुठलं बोट? मोजायचं की फुगे? पण "जायचं का आज?" असं विचारायचं नाही. ज्याचं 'नाही' आपण ऐकणारच नाही, तो प्रश्न विचारणं हा अन्याय आहे.

"शूर मुलं रडत नाहीत" हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. रड, ओरड, फक्त हात हलवू नकोस. तेवढंच तुझं काम. घरी तिची बाहुली रोज आजारी पडते. सुई काढलेल्या सिरिंजने धाकटी तिला औषध देते आणि बजावते, "हात हलवायचा नाही हं." ते ऐकून मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन रडले आहे. पण त्या खेळातच ती स्वतःची भीती हाताळत असते, म्हणून तो थांबवायचा नाही.

आपल्या विज्ञानाच्या बाईंना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. पाठीच्या कण्यातून तिला मेथोट्रेक्सेट नावाचं औषध देतात. या जातीच्या औषधांवर अमेरिकेत काम करणाऱ्यांत आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्यांच्या गटाने बनवलेलं ॲमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना मागे हटला. हे १९४८ साली प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्याआधी या मुलांसाठी फारसं काही करता येत नव्हतं.

आता तुमच्याकडे तीन मागण्या.

पहिली, प्लेटलेट्स. दान केलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून त्या सतत लागतात. एका रात्री मी आपल्या तुकडीच्या ग्रुपवर निरोप टाकला, तर सकाळी सातला तुमच्यातले तिघे रक्तपेढीत उभे होते. शाळेत त्यातल्या एकाशी मी वर्षभर बोलत नव्हते! तुमचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत, म्हणून उलट आणखी मागते: आमच्यासाठी दिलंत, तसं अनोळखी मुलासाठीही द्या.

दुसरी, माहिती पोचवा. गावाकडचं कुटुंब पैशांच्या आणि राहण्याच्या काळजीने उपचार अर्ध्यावर सोडतं, आणि बरं होणारं मूल हातचं जातं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून मुलं येतात. बाहेरगावच्या मुलांना आईवडिलांसह मोफत राहता यावं म्हणून सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून काम करते आहे. रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा, एवढं सांगितलं तरी एखादं घर सावरतं.

तिसरी मागणी खास सर आणि बाईंकडे, आणि आपल्यातल्या शिक्षकांकडे. असं मूल वर्गात परत येईल तेव्हा डोक्यावर केस नसतील, चेहरा औषधाने सुजलेला असेल. 'बिच्चारी' म्हणू नका. वर्गाला आधीच सांगून ठेवा की हे लागत नाही. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर पालकांना लगेच कळवा. या मुलांना तो जिवावर बेतू शकतो. आणि तिने गृहपाठ केला नसेल, तर इतरांना रागावता तसंच तिलाही थोडं रागवा. आपण आता इतरांसारखे आहोत, हे तिला त्यातूनच कळेल.

जूनमध्ये माझी मुलगी पहिलीत जाणार आहे. कॅलेंडरवर त्या दिवसासाठी तिने स्वतः हिरवी टिकली निवडून ठेवली आहे. तो दिवस ठरल्याप्रमाणे यावा, एवढीच तुमच्या शुभेच्छांकडून अपेक्षा.