घरात सापडलेले जुने पत्र

श्रोतेहो, जुन्या घराचे माळवद उकलले की त्यातून माती निघते, विंचू निघतात आणि कधी कधी कागदही निघतात. नांदेडच्या आमच्या घराचे माळवद उतरवताना आजोबांची पत्र्याची पेटी खाली आली. तीत काही उर्दू पावत्या होत्या आणि मोडीत लिहिलेले एक पत्र होते. पाकिटावर निजाम सरकारचे तिकीट होते. हैदराबाद संस्थानाचे टपाल १९५० पर्यंत वेगळेच होते.

घरात मोडी कुणालाच येईना. मुले म्हणाली, "रद्दीत द्या." मी म्हटलं, न वाचता कागदाचा निकाल लावणे म्हणजे साक्षीदाराचे न ऐकताच निवाडा देणे. शेवटी लातूरच्या एका निवृत्त गुरुजींनी ते वाचून दिले.

पत्र मार्गशीर्ष शके १८७० चे, म्हणजे डिसेंबर १९४८ चे. सप्टेंबरातच पोलीस ॲक्शन होऊन रझाकारांची धामधूम संपली होती. लिहिणारा किल्लारीजवळच्या खेड्यातला शेतकरी. धामधुमीत आजोबांचे दुकान बसले, तेव्हा त्याने तीनशे रुपये हाली उसने दिले होते. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा तेव्हाचा भाव. आता लेकीचे लग्न ठरले आहे, रक्कम सवडीने पाठवावी, एवढेच मागणे. तगादा नाही, टोमणा नाही.

रक्कम परत गेली का? आमच्या चोपड्या गोदावरीच्या पुरात गेल्या. सांगणारे कुणी उरले नाही.

मग घरात बैठक बसली. थोरले बंधू म्हणाले, "गाडलेलं कशाला उकरायलास? जाळून टाक." त्यांचेही खोटे नव्हते. वडिलधाऱ्यांच्या नावाला डाग कोण लावून घेईल? पण नव्वदीच्या आत्याबाई म्हणाल्या, "कागद आपल्याकडं आला बाबा, पण बोल त्यांचे आहेत. त्यांना विचार."

मी त्या गावी गेलो. गाव म्हणजे नवे गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने जुने गाव जमीनदोस्त झाले. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली, तिथे कागदांची काय कथा! त्या शेतकऱ्याच्या नातवाकडे आजोबाचा फोटो नव्हता, हाताची एक ओळ नव्हती. मी पत्र वाचून दाखवले. ते सहीवरून बोट फिरवीत राहिले. पैशांचा विषय मी काढला, तर म्हणाले, "आत्याचं लग्न थाटात झालं, एवढं ऐकून आहे. पैसे आले असतील, नसतील. हे अक्षर आलं, लई झालं." मूळ पत्र मी त्यांच्याकडेच ठेवून आलो. नक्कल आमच्याकडे आहे. पैशांचा काटा मात्र मला अजून बोचतो. तो बोचलाच पाहिजे.

इतिहासाचार्य राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव हिंडले आणि घराघरांतली दप्तरे उजेडात आणली. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फार्सी कागद मराठीत आणले. पण लग्न, उसनवारी, दुष्काळ यांचा इतिहास असल्या साध्या पत्रांतच असतो. म्हणून दोन्ही घरांच्या संमतीने एक प्रत छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयाला द्यावी, असे आम्ही ठरवले आहे.

तुमच्याही पेटीत असा कागद असेल. त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करू नका. घडी हलकेच उलगडा, सावलीत फोटो घ्या, जाणकाराकडून वाचून घ्या. पत्रात कुणाचे खासगी दुःख असेल, तर ते चारचौघांत मांडू नका. आधी त्या घरी जा. काय करायचे ते त्यानंतर ठरवा. जाळायला काडी एकच लागते, पण जळालेले अक्षर परत लिहायला तो हात कुठून आणणार?