तीन नावं जुळल्याशिवाय पैसे नाहीत

(पुण्यात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रांनो, मैत्रिणींनो, आजचा विषय साधा आहे. मोबाईलवर जाहिरात बघून जुनी गाडी घेताना फसवणूक कशी टाळायची? कुणाला वाटेल, अशा बैठकीत हा कसला विषय? पण कोंढवा, भवानी पेठ, हडपसर, येरवडा या भागांतल्या आपल्या घरांमध्ये पहिली गाडी बहुधा जुनीच येते. तिच्यामागे वडिलांची भिशी असते, आईचा एखादा दागिना असतो, नोकरीला लागलेल्या बहिणीचे दोन वर्षांचे पगार असतात. ते पैसे गेले तर नुसती गाडी जात नाही. कुणाचं शिक्षण लांबतं, कुणाचं लग्न पुढे जातं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. व्याजाचं कर्ज नको म्हणून अनेक घरांत पैसे साठवून एकदम दिले जातात. त्या भावनेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण बँकेचं कर्ज असतं तेव्हा बँक स्वतःचे पैसे बुडू नयेत म्हणून तरी गाडीचे कागद तपासते. रोखीच्या व्यवहारात ते तपासणारं कुणीच नसतं. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

आज इथून एकच गोष्ट घरी न्या. आरसीवरचं नाव, समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव आणि ज्या खात्यात पैसे जाणार त्या खात्याचं नाव. ही तीन नावं जुळेपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. टोकन नाही, बयाना नाही, 'गाडी तुमच्यासाठी थांबवून ठेवतो' म्हणून पाचशे रुपयेही नाहीत. असं का, ते आता सांगतो.

पुण्यात चालणारी एक थाप गणवेशाची आहे. जाहिरातीत गाडी चकाचक आणि किंमत बाजारभावाच्या निम्मी. फोन केला की पलीकडचा माणूस म्हणतो, मी फौजी आहे, बदली झाली आहे, गाडी घाईत विकायची आहे. ही थाप कुठेही चालते, पण पुण्यात ती जास्त खरी वाटते. इथे दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, वानवडीजवळ एएफएमसी आहे. बदली होऊन जाणारी लष्करी कुटुंबं आपण रोज बघतो. मग तो ओळखपत्र पाठवतो, आधार पाठवतो, गणवेशातला फोटो पाठवतो. आणि म्हणतो, गाडी कॅम्पात आहे, आत येता येणार नाही, लष्कराच्या ट्रान्सपोर्टने घरी पाठवतो, फक्त वाहतुकीचा खर्च आधी भरा. तो भरला की गेटपास, मग विमा, मग 'परत मिळणारी' अनामत. प्रत्येक वेळी रक्कम इतकीच असते की आपल्याला वाटतं, एवढे भरले, आता थोड्यासाठी कशाला सोडायचं? गाडी मात्र कुठेच नसते.

ते ओळखपत्र कुणाचं असतं? पुष्कळदा आधी फसलेल्या किंवा गाफील राहिलेल्या एखाद्या माणसाचं. म्हणून एक पोटनियम लक्षात ठेवा. अनोळखी माणसाला तुमचं आधार, पॅन, सेल्फी पाठवू नका. उद्या तुमच्याच नावाने तिसऱ्याला फसवलं जाईल आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतील. त्याचा त्रास किती होतो, हे या खोलीत मला कुणाला समजावून सांगायला नको. प्रत द्यावीच लागली तर यूआयडीएआयचं मास्क्ड आधार द्या, आणि प्रतीवर कशासाठी दिली ते तारखेसह लिहा.

दुसरी थाप जास्त हुशार आहे, आणि तिच्यात शिकलेली मुलंही अडकतात. इथे गाडी खरी असते, मालक खरा असतो, कागदही खरे असतात. खोटा असतो फक्त मधला माणूस. तो खऱ्या मालकाची जाहिरात उचलतो, तेच फोटो वापरून कमी किमतीची दुसरी जाहिरात टाकतो. मालकाला फोन करून सांगतो, माझा भाऊ गाडी बघायला येईल, त्याच्याशी किमतीचं बोलू नका, मी ठरवतो. आपल्याला सांगतो, गाडी माझ्या मेहुण्याकडे उभी आहे, बघून या, पण पैशाचं त्याच्याशी बोलू नका, आमचा घरचा हिशेब आहे. आपण जातो, गाडी चालवून बघतो, आरसी बघतो, सगळं पसंत पडतं. आणि पैसे पाठवतो त्या फोनवरच्या माणसाच्या खात्यात. नंतर मालक म्हणतो, मला तर एक पैसा मिळाला नाही. दोघेही खरं बोलत असतात. दोघांत भांडण होतं, आणि मधला गायब झालेला असतो.

या थापेवर उपाय तोच, तीन नावं. मालकासमोर उभं राहून मोठ्याने विचारा, 'तुम्हाला या गाडीचे किती रुपये हवेत? आणि ते कुणाच्या खात्यात?' जो माणूस किमतीबद्दल बोलू नका म्हणतो, त्याचा व्यवहार तिथेच सोडा. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचा. आणि जुनी गोष्ट पुन्हा सांगतो: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तुम्ही गाडी विकत असाल आणि घेणारा म्हणाला, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका म्हणजे पैसे येतील, तर पैसे येणार नाहीत, जातील.

आता कागदांकडे येऊ. विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या आरसीच्या फोटोवर विसंबू नका. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी, विमा, फिटनेस, पीयूसी आणि कर्ज आहे का ते बघा. तिथे मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, म्हणून विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्याच मोबाईलवर डिजिलॉकरमधली आरसी उघडायला सांगा. बोनेट उघडून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा. भाड्याने घेतलेली गाडी बनावट कागदांवर विकण्याचे प्रकार होतात, ते इथेच उघडे पडतात. थकलेली ई-चलानंही बघून घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'हप्ते संपलेत, कागद येतोय' हे वाक्य म्हणजे कागद नव्हे.

एमएच-१२ आणि एमएच-१४ सोडून दुसऱ्या राज्याचा नंबर असेल तर दुप्पट सावध राहा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या स्वस्त गाड्या इतर राज्यांत येत राहिल्या. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे वापरायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर लागतो. हा खर्च धरला की स्वस्त गाडी फारशी स्वस्त राहत नाही.

पुराच्या गाड्यांचंही तसंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा गाड्या काड्यांसारख्या वाहिल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाचा डाग बघा. स्टेपनीखालची जागा, सीटच्या खालच्या पट्ट्यांवरचा गंज, आतला कुबट वास तपासा. शंभर जाहिराती बघण्यापेक्षा ओळखीच्या मेकॅनिकला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या.

आता सर्वांत मोठी चूक. गाडी घेतली, पैसे दिले, विकणाऱ्याने सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० दिले, आणि आपण ते कपाटात ठेवले. नावावर करू सावकाश! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण निकाली निघालं. एक गाडी २००७ पासून एकामागून एक अनेक हातांत विकली गेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालयाने म्हटलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच.

हे विकणाऱ्यासाठी झालं. घेणाऱ्याचं काय? आरसी आणि विमा तुमच्या नावावर नसेल आणि गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी तुम्हाला पैसे देणार नाही. गाडी तुमची आहे हे सांगायला तुमच्याकडे कोऱ्या फॉर्मशिवाय काही नसेल. म्हणून ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा हस्तांतरणाचा अर्ज दाखल होईपर्यंत हातात ठेवा, आणि तसं इसारपावतीत लिहा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. डीलरकडून घेत असाल तर त्याचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला ते आरटीओकडून घ्यावं लागतं.

इथे आपल्या घरचं बोलतो. 'आपलाच माणूस आहे', 'मशिदीत भेटतो', 'कसम खाऊन सांगतोय'. या तीन वाक्यांवर आपल्याकडे लाखाचे व्यवहार होतात. ठग हे ओळखतो. तुमचं नाव कळलं की तो सलाम करतो आणि भाईजान म्हणतो. मित्रांनो, कागद मागणं म्हणजे समोरच्याचा अपमान नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत सांगितलं आहे. प्रामाणिक माणसाला कागदाचा त्रास होत नाही. उलट उद्या वाद झाला तर तोच कागद त्यालाही वाचवतो.

आणि एवढं करूनही कुणी फसलं तर? पहिला फोन १९३० ला. मित्राला नाही, ठगालाही नाही. तुमची तक्रार तिथून बँकांपर्यंत जाते आणि पुढे सरकलेले पैसे गोठवता येतात, पण त्यासाठी मिनिटं महत्त्वाची असतात. व्यवहाराचा क्रमांक, समोरचा मोबाईल नंबर, चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, काही डिलीट करू नका. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार नोंदवा. जवळच्या ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' असं म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तो हक्क दिला आहे. आणि नंतर कुणी फोन करून 'फी भरा, तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणालं, तर ती दुसरी फसवणूक समजा.

आपली मुलं दोन कारणांनी गप्प बसतात. घरी अब्बा काय म्हणतील, आणि ठाण्याची पायरी कशाला चढायची. दोन्ही भीती मला कळतात. पण पैसे परत मिळण्याचे पहिले तास त्या गप्प बसण्यातच जातात. म्हणून घरातल्या मोठ्यांनाही सांगणं आहे की पोरगा फसून आला तर त्याला बोल लावायला आयुष्य पडलं आहे, आधी फोन त्याच्या हातात द्या. आणि तुम्हा तरुणांना सांगतो, भाऊ किंवा मैत्रीण ठाण्यात जाणार असेल तर एकटं जाऊ देऊ नका. सोबत जा, अर्ज लिहायला मदत करा, पोच घ्या.

आज घरी गेल्यावर जाहिराती बघत बसलेल्या एका तरी माणसाला ही तीन नावं सांगा. आरसीवरचं, समोरचं आणि खात्याचं.