बी.एस्सी. केमिस्ट्री: डिग्री हातात पडायला नेमकं काय काय लागतं?

निकाल लागले की मला एकच मेसेज दहा जणांकडून येतो. "सर, नीटमध्ये नंबर लागला नाही. बीएस्सी टाकलीय." हे "टाकलीय" ऐकलं की मी सावध होतो. कारण टाकलेली बीएस्सी तीन वर्षांनी तिथंच पडलेली सापडते. म्हणून आज करिअरबिरिअर बाजूला. केमिस्ट्रीची डिग्री मिळवायला काय लागतं, तेवढंच बोलू.

प्रवेश सोपा आहे, बारावी सायन्स पाहिजे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठंही शिका, आपल्याकडची सिनियर कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचं हे विद्यापीठ. आणि महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यामुळे तुमच्या दादानं किंवा ताईनं सांगितलेला हिशोब तुम्हाला जसाच्या तसा चालणार नाही.

आता हिशोब क्रेडिटचा. एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट. सहा सेमिस्टर मिळून १२० ते १३२. ते जमा झाले की तीन वर्षांची डिग्री. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

या १२०-१३२ मध्ये नुसती केमिस्ट्री नसते. मेजर असतो, मायनर असतो, दुसऱ्या शाखेचा ओपन इलेक्टिव्ह असतो, भाषा असते, पर्यावरण किंवा संविधानासारखा मूल्यशिक्षणाचा पेपर असतो, भारतीय ज्ञानप्रणाली असते, स्किलचे कोर्स, फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप. पोरं ऑरगॅनिकचा धसका घेतात, रात्र रात्र रिअॅक्शन पाठ करतात, आणि अडकतात कुठं? तर त्या दोन क्रेडिटच्या पेपरात, ज्याला "हा काय, सोपाच असतो" म्हणून कुणी बसलेलंच नसतं. ऑरगॅनिकमध्ये ८० पडले म्हणून तिथले दोन क्रेडिट कुणी माफ करत नाही. ते राहिले की डिग्री राहिली.

मेजर आणि मायनरवर मात्र जरा थांबू. आधी आपल्याकडं केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी किंवा फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स असे तीन विषय बरोबरीनं चालायचे. आता पहिल्या वर्षानंतर एक विषय मेजर होतो, एक मायनर. कॉलेजागणिक थोडा फरक असतो, पण निवड करावीच लागते, आणि ती बरेच जण मैत्रीण कुठं जाते किंवा कोणते सर मार्क चांगले देतात ते बघून करतात.

त्याचा परिणाम कुठं होतो, एक उदाहरण देतो. आपल्या देशात औषधं बनवायचे नियम १९४५ चे आहेत, वेळोवेळी दुरुस्त झालेले. बऱ्याच प्रकारच्या औषधांचं उत्पादन ज्या तांत्रिक माणसाच्या देखरेखीखाली व्हावं लागतं, त्याच्या पात्रतेत फार्मसीच्या डिग्रीशिवाय आणखी एक दार ठेवलंय. केमिस्ट्री हा मुख्य विषय असलेली सायन्सची डिग्री, आणि वर किमान तीन वर्षांचा औषधनिर्मितीचा अनुभव. "मुख्य विषय" हे शब्द नीट ऐका. केमिस्ट्री मायनरला ठेवली आणि उद्या वाळूजला एखाद्या औषध कंपनीत मुलाखतीला गेलात, तर मार्कशीट पुढं करून काय सांगणार? ज्याला बॉटनीच आवडते त्यानं खुशाल बॉटनी घ्यावी. पण माहीत असून घ्यावी.

आता प्रॅक्टिकल. माझ्या मते खरी डिग्री इथं आहे, आणि सगळ्यात जास्त चोरीही इथंच होते.

दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे ६० तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चार तास, म्हणजे एक बॅच. सेनगावहून येणाऱ्या पोरीची एसटी चुकली तर तिचा त्या आठवड्याचा अख्खा वाटा गेला. म्हणून गावाकडून येणाऱ्यांनी बॅच मागतानाच बसची वेळ सांगावी. लाजू नका, बॅच बदलून मिळते.

आणि जे हजर असतात, त्यातले निम्मे एकाच ब्युरेटभोवती उभे. एक जण टायट्रेशन करतो, सहा जण रीडिंग उतरवतात. जर्नल सुंदर, सही मिळते, मार्कही मिळतात. मग क्वालिटी कंट्रोलच्या मुलाखतीत साधा प्रश्न येतो: २५० मिली ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं बनवाल? ४० गुणिले ०.१ गुणिले ०.२५, उत्तर एक ग्रॅम. हे बहुतेक जण सांगतात. पुढचा प्रश्न: एक ग्रॅम मोजून टाकलं, म्हणजे ते बरोबर ०.१ झालंच का? इथं शांतता. नाही झालं. कारण ती पांढरी दाणेदार गोळी हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. वजन करता करता ओली होते. म्हणून ते द्रावण ऑक्झॅलिक अॅसिडसारख्या भरवशाच्या पदार्थासमोर तपासून घ्यावं लागतं. ज्यानं वॉचग्लासवर ती गोळी पाझरताना बघितली, तो हे विसरूच शकत नाही. उतरवलेल्या जर्नलात ते नसतं.

"कॉलेजात उपकरणं नाहीत" ही तक्रार खरी आहे, पुष्कळ ठिकाणी नाहीत. पण आपण हळदीच्या जिल्ह्यात राहतो राव! वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालंय, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव होतो. त्या हळदीचा पिवळा रंग म्हणजे करक्युमिन, C ऐवजी मराठीत सांगायचं तर कार्बन २१, हायड्रोजन २०, ऑक्सिजन ६. स्पिरिटमध्ये थोडी हळद हलवा, वरचं पिवळं पाणी वेगळं घ्या, चुन्याची निवळी टाका. लाल. लिंबू पिळा, परत पिवळं. आजी हळदीपासून कुंकू करायची ते हेच. हाच रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ४२५ नॅनोमीटरच्या आसपास मोजला की करक्युमिन किती आहे ते काढता येतं, आणि माल घेणारे मोठे खरेदीदार तेच विचारतात. फील्ड प्रोजेक्टला विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांनी घरच्या शेतातले चार नमुने घ्यावेत. यंत्र तुमच्या कॉलेजात नसेल तर सरांचं पत्र घेऊन दुसरीकडं विचारा.

बाकीचं पटकन. घरची अडचण आली आणि एका वर्षानं थांबावं लागलं, तर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम यावर सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांवर डिप्लोमा. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं, एकूण सात वर्षांत डिग्री पुरी करायची. लग्न ठरलं म्हणून कॉलेज सोडणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी ही ओळ परत ऐकावी. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. रिसर्चवालं ऑनर्स पाहिजे असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, म्हणजे त्याची तयारी पहिल्या सेमिस्टरपासूनच.

आणि एक काम आजच. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी काढा. तुमचे क्रेडिट त्या खात्यात जमा होतात. आधार, दहावीची सनद आणि कॉलेजचा फॉर्म, तिन्हीकडं नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा. नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पुढच्या भागात मायनर कोणता घ्यावा यावर आलेले प्रश्न घेतो. विषयांची नावं आणि कॉलेजचं गाव लिहून पाठवा.