डोंगर आधी सांगतो
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



गणपतीला आपल्या बेळगावातून आंबोली आणि चोर्ला घाटाने किती गाड्या खाली उतरतात, हे तुम्हाला सांगायला नको. कुणाचे मूळ घर सावंतवाडीकडे, कुणाचे कुलदैवत गोव्यात. म्हणूनच आज दरडींविषयी बोलतो.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे दगावली. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी, तीही रात्रीच्या वेळी.

हे का होते? उतारावरच्या मातीला तिचे वजन खाली ओढते; घर्षण आणि चिकटपणा धरून ठेवतात. धरणाऱ्या बळाला ओढणाऱ्या बळाने भागले की सुरक्षितता गुणांक मिळतो. तो एकच्या खाली गेला की उतार सुटतो. पाऊस दोन्हीकडून घात करतो. मुरलेल्या पाण्याने मातीचे वजन वाढते, आणि त्याच पाण्याच्या दाबाने कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. म्हणून केवळ आजचा पाऊस पाहून भागत नाही. आधीच्या दिवसांत किती मुरला, तेही पाहावे लागते. पायथा तोडून रस्ता काढला, ओढ्याची वाट बुजवली, तर गुणांक आधीच उतरलेला असतो. पाऊस फक्त निमित्त होतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण दरडप्रवण भागांचे नकाशे करते. ते हवेतच. पण इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही, म्हणजे धोका नाही, असे समजू नका.

डोंगर बहुधा आधी खुणा देतो. घरामागच्या उतारावर नवी भेग, झुकलेली झाडे किंवा खांब, भिंतीला तडे, अचानक घट्ट बसणारी दारे, नवा झरा, एकाएकी गढूळ झालेले किंवा आटलेले ओढ्याचे पाणी. यांतले काही दिसले आणि पाऊस थांबत नसेल, तर उजेड आहे तोवर घर सोडावे. सामानाचे नंतर पाहता येईल.

यंदा गावी गेलात की आरतीनंतर घरामागचा उतार एकदा चढून पाहा. वडीलधाऱ्यांना विचारा, पूर्वी माती कुठे घसरली होती? आणि रात्री निघावे लागले तर सगळ्यांनी कुठे जमायचे, हे त्याच दिवशी ठरवून परता.

गणपती बाप्पा मोरया!