कॅमेऱ्यामागची बाई

आज एका वेगळ्याच कामाबद्दल बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी फोटो काढते. देवळातलं भजन, लग्नातला बँजो, पाड्यावरचा तारपा नाच. मागच्या बैठकीत ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. मुलीला सिनेमाच्या शूटिंगवर कॅमेरा असिस्टंट व्हायचंय, सरावासाठी जुना का होईना, स्वतःचा कॅमेरा हवाय. सगळ्या गप्प. मग एक जण म्हणाली, "हे काय बायांचं काम आहे?"

मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या. दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते, मग सिनेमाकडे वळले. 1912 मध्ये त्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा विकत घेतला. पैसा उभा करायचा म्हणून त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं, त्याची छोटी फिल्म केली. ती पाहून कर्ज मिळालं, पण पुरलं नाही. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

पण त्यांनी नुसते दागिनेच दिले नाहीत. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. ती भोकं नसली तर कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकत नाही, आणि उजेड लागला तर फिल्म वाया जाते. म्हणून सरस्वतीबाई अंधारात बसून भोकं पाडत. रसायनं कालवत, फिल्म धुवत. शूटिंगच्या वेळी नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि घरची मुलंबाळं होतीच.

3 मे 1913 रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामतीचं काम करायला एकही बाई तयार झाली नाही, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषानं ते केलं. म्हणजे कॅमेऱ्यासमोर बाई नव्हती, पण कॅमेऱ्यामागे होती! मग हे बायांचं काम नाही, असं कसं म्हणायचं?

आज कॅमेरा असिस्टंट काय करते? लेन्स पुसते, बॅटऱ्या चार्ज करते, प्रत्येक शॉटला क्लॅप देते, शूट झालेली कार्डं जपते. नट कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते टेपनं मोजून फोकस ठेवायलाही शिकते. एक चूक झाली तर सगळ्यांची मेहनत वाया. गाण्याबजावण्याचे फोटो काढणारीला यातलं बरंच अंगवळणी पडलेलं असतं. कमी उजेडात, फ्लॅश न मारता, कुणाच्या मध्ये न येता उभं राहायचं आणि नेमका क्षण पकडायचा.

पुढे काय, असंही कुणी विचारेल. तमिळ सिनेमात बी. आर. विजयालक्ष्मी असिस्टंट म्हणूनच लागल्या आणि 1985 मध्ये स्वतः कॅमेरा सांभाळून त्यांनी सिनेमा केला.

पण मैत्रिणींनो, डोळे मिटून हो म्हणू नका. काम रोजचं नसतं, महिनोन् महिने रिकामे जातात. म्हणून कर्जाचा हप्ता त्या कमाईवर बांधू नका. लग्नाचे, कार्यक्रमांचे फोटो चालू ठेवायचे आणि हप्ता त्यातून भरायचा. रोज किती मिळणार, किती तासांचं काम, हे आधी लिहून घ्यायचं. रात्री शूटिंग संपल्यावर बोईसर-पालघरला परत कसं यायचं, तेही आधीच विचारायचं. शेवटची गाडी चुकली तर राहायची सोय कुणाची? आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती असलीच पाहिजे, हा 2013 चा कायदा आहे. त्याहून कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलीला हे पाठ असू द्या.

शेवटी एकच. फाळके सगळ्यांना माहीत आहेत. सरस्वतीबाई किती जणींना माहीत होत्या? घरातल्या बाईचं काम म्हणजे मदत, असं म्हटलं की तिचं नावही जातं आणि मजुरीही जाते. आपल्या मुलींनी नावानं काम करावं आणि नावावर पैसे घ्यावेत.

पुढच्या बैठकीत त्या ताईंचा अर्ज परत येणार आहे. मी हात वर करणार आहे. तुमच्या गटात असा अर्ज आला, तर आधी मुलीनं काढलेले फोटो बघा आणि मग बोला.