‘याला इंग्रजी जमणार नाही’

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य नेहमी कानी पडते : ‘याला इंग्रजी जमणार नाही.’ मीही ते अनेकदा उच्चारले आहे. आज त्याविषयीच दोन शब्द बोलणार आहे.

माझ्या वर्गातील एक मुलगा ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ व ‘स्टेशन’ला ‘इस्टेशन’ म्हणे. वर्ग हसे, खेदाने सांगतो, मीही हसे. दोन महिन्यांत त्याने वाचायला उभे राहणेच सोडले. मी शेरा दिला, ‘अभ्यासात रस नाही.’ वास्तविक, शब्दारंभीच्या अशा जोडाक्षरापूर्वी ‘इ’ लावण्याची सवय त्याच्या घरच्या उर्दूची होती; तो बुद्धीचा दोष नव्हता. उलट, ‘एफ’ आणि ‘झेड’ यांचे स्वच्छ उच्चार त्याने घरूनच आणले होते. ते मी कधी मोजलेच नाहीत!

रोझेंथाल व जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेतील प्रयोग १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. काही मुले केवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, ‘ही यंदा विशेष प्रगती करतील’ असे शिक्षकांना सांगण्यात आले. पुढे पहिली-दुसरीतील अशा मुलांची बुद्धिमापनातील वाढ इतरांहून अधिक दिसली. वरच्या वर्गांत तसे आढळले नाही, आणि प्रयोगावर टीकाही पुष्कळ झाली. परंतु आपलाच तास आठवून पाहा. हुशार मानलेल्या मुलाच्या उत्तरासाठी आपण थांबतो. दुसऱ्याला मात्र शब्द सुचण्याआधीच ‘बस खाली’ म्हणतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. वर्षे वाढली, पण आपली दृष्टी तीच राहिली, तर मुलाच्या वाट्याला येणारी नामुष्कीच लवकर सुरू होईल.

म्हणून माझी नम्र विनंती : चूक झाली की तिचे मूळ घरच्या बोलीत शोधावे. उत्तरासाठी थोडे अधिक थांबावे. ‘रस नाही’ असा शेरा देण्यापूर्वी भीती तर नाही ना, हे पाहावे. पालकांनीही ‘आम्हालाच येत नाही, याला काय येणार?’ असे मुलादेखत म्हणू नये.

त्या मुलाला मी मधल्या सुट्टीत रोज एक परिच्छेद एकट्याला वाचायला लावला. वार्षिक परीक्षेपूर्वी तो आपणहून वर्गात उभा राहिला. ‘इस्टेशन’ अजूनही अधूनमधून येते, पण तो वाचतो. माझा तो शेरा मात्र प्रगतिपुस्तकात तसाच आहे. तो खोडताना मलाच शिकावे लागले.